बॅटरीबाईचे एकवीस दिवस

गल्लीत तिला सगळे बॅटरीबाई म्हणत. आरोग्य खात्याच्या नोकरीत गेली अकरा वर्षं ती घरोघर फिरून पिंपात, कुंडीखालच्या ताटलीत, फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये बॅटरीचा झोत टाकून डासांच्या अळ्या शोधत होती. सापडल्या की पाणी ओतून द्यायची आणि वर घरमालकाची बोलणीही खायची.

त्या वर्षी गल्लीत डास रग्गड होते, पण डेंगी एकालाही नव्हता. अशात तिचा धाकटा भाऊ चार वर्षांनी परदेशातून घरी आला. तिकडे तो एका हॉटेलात चादरी धुण्याच्या कामावर होता. आला त्याच रात्री अंग तापलं. सकाळी म्हणाला, "ताई, डोळ्यांच्या मागे कोणी सुया टोचतंय बघ."

"तिकडे कोणाला ताप होता का?"

"खोलीतल्या दोघांना. इस्पितळातच होते."

त्याचं रक्त तपासायला देऊन ती घरी आली आणि भरदिवसा पलंगाला मच्छरदाणी बांधली.

आई चिडली. "चार वर्षांनी पोर आलंय आणि तू त्याला पिंजऱ्यात घालतेस?"

"आई, त्याला शिवल्याने काही होत नाही. पण इथला डास त्याला चावला, की आठ-दहा दिवसांनी तोच डास ज्याला चावेल त्याला ताप येणार. आणि हा डास दिवसाच चावतो."

संध्याकाळी रिपोर्ट आला. डेंगीच होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती कामावरून घाईने परतली, तर पलंग रिकामा. धाकटा चार घरं सोडून नवी पॅंट शिवायला म्हणून शिंपीकाकांच्या दुकानात, अर्ध्या चड्डीत, पाय पसरून गप्पा छाटत बसला होता. पोटरीवर डास चावल्याच्या दोन ताज्या गांधी.

"किती वेळ झाला?"

"तासभर. आत जीव घुसमटत होता गं."

ती तडक दुकानामागे गेली. इस्त्रीसाठी भरलेलं पिंप उघडंच होतं आणि पाण्यात अळ्या वळवळत होत्या. तिने ते आडवं केलं. त्या दिवसापासून तिचा पाय घरात ठरेना. कामाचे तास संपले तरी ती गल्लीतली भांडी पालथी घालत फिरायची. डास मारायच्या धुरळणीसाठी साहेबांकडे गेली, तर ते म्हणाले, "एका केससाठी धुराची गाडी?"

"दुसरी झाल्यावर पाठवून काय उपयोग, साहेब?"

गाडी आली, पण चार दिवसांनी.

धाकटा आठवडाभरात खडखडीत बरा झाला. आईचा जीव भांड्यात पडला. बॅटरीबाईला मात्र घास गिळवेना. डासाचे दहा दिवस, मग माणसाला ताप यायला सात, असा हिशेब सारखा डोक्यात. कोणी शिंकलं तरी ती वळून बघायची.

सतराव्या दिवशी शिंपीकाकांच्या दुकानातलं मशीन गप्प होतं. त्यांच्या बायको, काकू, दारात उभ्या होत्या. "हे काल संध्याकाळपासून तापाने फणफणलेत."

तिनेच रिक्षा आणली. काकांच्या प्लेटलेट घसरत गेल्या, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. धाकट्याने इस्पितळातल्या बाकावर मुक्काम ठोकला. ऊठ म्हटलं तरी उठेना. काकांना भरती केल्याच्या तिसऱ्या दिवशी काकूंजवळ बसून ती म्हणाली, "हे आमच्या घरातून आलं असणार, काकू."

काकू म्हणाल्या, "असेल. पण तुम्ही पिंप दोनदा पालथं केलंत आणि दोन्ही वेळा तुमची पाठ वळताच मीच भरलं. मी कोणत्या तोंडाने तुम्हाला बोल लावू?"

एकविसाव्या दिवशी प्लेटलेटचे आकडे वर चढले. आणखी दोन दिवसांनी काका घरी आले, अशक्त, पण धाकट्याच्या राहिलेल्या पॅंटचं माप विचारत.

कार्यालयात तिने काकांच्या केसचा फॉर्म भरला. 'रोग कोठून आला' या रकान्यात लिहिलं, 'माझा भाऊ'. साहेब म्हणाले, "नातं लिहायची गरज नाही. परदेशातून आलेला रुग्ण, एवढं पुरे."

तिने खोडून तसं लिहिलं. गल्लीत तिसरा रुग्ण झाला नाही. तरी पुढचा महिनाभर, कोणाच्या घरी कोण परगावाहून आलंय, हे ती अळ्या बघण्याआधी विचारायची.