कुंकवाचं बोलावणं

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीची गोष्ट असेल. मुलुंडच्या आमच्या स्त्रीमुक्तीवाल्या गटानं ठरवलं, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विधवांनाही बोलवायचं. शेजारच्या काकूंना नवरा गेल्यापासून कुणी बोलावलंच नव्हतं. त्या हौसेनं आल्या. मी कुंकवाचा करंडा पुढे केला, तर म्हणाल्या, "मला नको गो कुंकू."

माझं डोकंच फिरलं. "काकू, तुम्ही लावलंत तर बाकीच्यांना धीर येईल!"

माझी मैत्रीण, आमच्याच गटातली, माझ्यावरच उखडली. "कपाळ त्यांचं आहे ना? मग त्या ठरवतील. तू कोण गं?"

"प्रत्येकीनं आपापलंच बघितलं तर वाट लागली चळवळीची!" मी ओरडले. तिळगूळ घेऊन गोड बोलायला जमलेल्या बायका आमचं भांडण बघत बसल्या.

काकूंनी वाण म्हणून ठेवलेल्या चहाच्या गाळण्यांतली एक उचलून पिशवीत टाकली आणि माझ्या गालावरून हात फिरवला.

"पुढच्या वर्षी पण बोलव हं. मी नकोच म्हणेन. पण इतकी वर्षं नको म्हणायलासुद्धा कुणी बोलावलं नव्हतं गो."