पदबंध नव्हे, तांडा

“बाई, मामा गेले,” फोनवर अनिल म्हणाला, आणि मी विचारलं, “कुठं?” सकाळची वेळ होती, कुकरची दुसरी शिट्टी व्हायची होती. राठोड सर निवृत्त झाल्यापासून कधी लेकीकडे पुण्याला, कधी कुणाच्या लग्नाला असे सारखे फिरतीवर असत, त्यामुळे मला खरंच वाटलं की गेले असतील कुठंतरी. अनिल त्यांचा भाचा. तो म्हणाला, “गेले म्हंजे... गेले, बाई. पहाटं.” उभा जन्म मराठी शिकवण्यात घालवलेल्या बाईला ‘गेले’चा अर्थ सांगायची वेळ त्या बिचाऱ्यावर आली. मी गॅस बंद करायचा विसरले आणि खालचा भात पार करपला. या गोष्टीला आता दीड महिना झाला.

वसराम राठोड औंढा तालुक्यातल्या आमच्या लहानशा कॉलेजात इंग्रजी शिकवत, मी मराठी. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी होती. ते साखऱ्याजवळच्या बंजारा तांड्यावरचे. त्यांच्या आजोबांच्या आधीची पिढी बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरलेली. मी हिंगोलीतल्या कारकुनाची मुलगी. आमच्या घरी दारात आलेल्या दूधवाल्याचंसुद्धा व्याकरण सुधारलं जाई, आणि ती खोड माझ्यात पुरेपूर उतरली होती. सर मला ‘बाई’ म्हणत, मी त्यांना ‘सर’. बावीस वर्षांत यापलीकडे आम्ही गेलो नाही, जायची गरजही पडली नाही. मी लग्न केलं नाही. दिवसभरात ज्याच्याशी मनापासून चार शब्द बोलावेत असं माणूस म्हणजे तेच होते, हे मला ते गेल्यावर कळलं. म्हणजे कळलेलं होतं, कबूल आता करते आहे.

इंग्रजीत जनरेटिव्ह सिंटॅक्स नावाचं एक शास्त्र आहे. माणूस शब्दाला शब्द जोडून वाक्य कसं घडवतो, त्याचे नियम त्यात शोधतात. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला त्याचं एक प्रकरण होतं. बाकीचे प्राध्यापक ते गाईडातून उरकत. सरांचा मात्र त्यावर जीव होता. फ्रेज, हेड, कॉम्प्लिमेंट, ट्रेस असले शब्द पोरं तोंडपाठ करत आणि पेपरात ओकत. बाजाराच्या दिवशी वर्ग निम्मा रिकामा, आणि उरलेल्या निम्म्याला कशाचा पत्ता नाही. ‘वाक्याचा ट्री काढा’, म्हणजे वाक्याचे भाग फांद्यांसारखे खाली फुटत जाणारी आकृती काढा, या प्रश्नाला एका मुलीने मन लावून बाभळीचं झाड काढलं होतं, काट्यांसकट. सर तो पेपर घेऊन माझ्या टेबलापाशी आले. मला वाटलं चिडले असतील. तर म्हणाले, “बाई, फांद्या बराबर खाली उतरून राहिल्या बघा. पोरीला झाड कळलं, वाक्य न्हाई कळलं. चूक कोणाची?”

त्या दिवसापासून त्यांनी या संज्ञांसाठी आपले शब्द करायला घेतले. फ्रेज, म्हणजे वाक्यातला शब्दांचा गट, तो तांडा. हेड, म्हणजे त्या गटातला मुख्य शब्द, तो नायक. “आमच्यात तांड्याला नाव नायकाचं असतं. माणसं पन्नास, बैलं शंभर, पण वळख नायकावरून. फ्रेजचंबी तसंच की! नाम नायक असलं तर नामाचा तांडा, क्रियापद असलं तर क्रियापदाचा.” आणि मग बोटं टेबलावर चालवत, “इंग्रजीत नायक पुढं चालतो, मराठीत मागून. ते म्हणतात ‘खाल्ली भाकर’, आपण म्हणतो ‘भाकर खाल्ली’. तांडा तोच, बाई. चालायची रीत येगळी.” नायकाचा अर्थ पुरा करणाऱ्या कॉम्प्लिमेंटला त्यांनी जोडीदार म्हटलं. शब्द एका जागेवरून उठून दुसरीकडे गेला की मागे जी खूण राहते तिला ट्रेस म्हणतात. त्याला त्यांनी माग म्हटलं. बैल उठून गेला तरी बसल्या जागी गवत दबलेलं राहतं, हे त्यांनी मला हाताचा तळवा टेबलावर दाबून दाखवलं होतं. रोज चहाच्या वेळी यायचे आणि म्हणायचे, “बाई, एक शब्द हाये.” मी हसायचे, हुज्जत घालायचे, कधी कधी मुद्दाम नाक मुरडायचे. माझ्या नोकरीतला सगळ्यात सुखाचा काळ तो होता.

पुढे परभणीच्या एका प्रकाशकाने विद्यार्थ्यांसाठी या संज्ञांचं छोटं पुस्तक मागितलं. सरांनी लिहिलं आणि भाषा तपासायला हक्काने माझ्याकडे दिलं. मी ते घरी नेलं आणि तपासलं... तपासलं कसलं, सोलून काढलं. तांडा खोडून पदबंध केला, नायक खोडून शीर्ष, जोडीदाराचा पूरक, मागाचा अवशेष. दुसऱ्या दिवशी त्यांनी पानं चाळली. “काहून खोडलं, बाई? चुकलं का काही?” मी म्हणाले, “चुकलं नाही सर, पण ग्रंथात तांडा कसा चालेल? लोक हसतील.” ते हळूच म्हणाले, “हसतील. बराबर हाये.” आणि सगळी पानं नीट जुळवून पिशवीत ठेवली. पुस्तक माझ्या शब्दांनी छापून आलं. प्रस्तावनेत त्यांनी माझे आभारही मानले.

तेव्हा मी स्वतःची समजूत घातली की सरांचं हसं होऊ नये म्हणून मी हे केलं. खरं सांगायचं तर हसणारे लोक दुसरे कुणी नव्हतेच. ती मी होते. माझ्या वडिलांच्या घरात तांडा हा शब्द ग्रंथात बसण्यासारखा नव्हता, एवढंच ते होतं. सर रागावले नाहीत. चहा चालू राहिला, सोयाबीनच्या भावापासून बदल्यांपर्यंत गप्पा चालू राहिल्या. फक्त “बाई, एक शब्द हाये” हे बंद झालं. आठ वर्षं मी त्याची वाट पाहिली आणि आठ वर्षं विचारलं नाही. मागच्या दिवाळीनंतर ते माझ्याकडे आले होते, थकलेले दिसत होते. निघताना चपला घालायला त्यांना वेळ लागला, तेवढ्यात बोलून टाकावं असं फार वाटलं. “सर, ते पुस्तक...” असं मी म्हणालेसुद्धा. “त्याचं काय, बाई?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “काही नाही, एक प्रत हवी होती.” झालं! मनातली गोष्ट मनातच राहिली.

तेराव्यानंतर मी तांड्यावर गेले. मनात हेतू होता, मूळ हस्तलिखित कुठे सापडतं का पाहावं, त्यांचे शब्द निदान उतरवून तरी घ्यावेत. माझ्या आठवणीत तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले होते. सरांच्या पत्नीने, वहिनींनी, ट्रंक उघडून दाखवली, त्यात ते नव्हतं. अनिल बाजूलाच बसला होता. तो आमच्याच कॉलेजात सरांच्या हाताखाली शिकला आणि आता हट्टा गावी शिकवतो. म्हणाला, “कागद काहून पाह्यजेत, बाई? मला सगळे पाठ हायेत. मामा वर्गात तांडा-नायकच शिकवायचे. म्हणायचे, पेपरात शीर्ष लिवा, बाईंचा शब्द हाये, मार्क भेटतात. डोक्यात मात्र नायक ठेवा. पुस्तक निघाल्यावरबी शेवटच्या बॅचपर्यंत तसंच शिकवलं त्यांनी. आमीबी तेच शिकवतो.” म्हणजे शेजारच्या खोलीत, एका भिंतीपलीकडे, इतकी वर्षं ते शब्द रोज बोलले जात होते. साऱ्या पंचक्रोशीतल्या पोरांना ते ठाऊक होते. ते बोलले जात होते हे ठाऊक नव्हतं फक्त मला, कारण सरांनी ते माझ्यापासून जपून ठेवले होते.

मी विचारलं, “नंतर नवीन काही केले का रे?” “केले की! लई केले,” अनिल म्हणाला. “तो न बोललेला कर्ता असतो ना, वाक्यात दिसत न्हाई पण असतो... त्याला पुस्तकात काय हाये?” “लुप्त कर्ता,” मी म्हणाले. “हां. मामा त्याला ‘घरचा’ म्हणायचे. ‘जेवलास का?’ यात ‘तू’ कुठंय? न्हाईच. परक्याला नाव घेऊन हाक मारावी लागती, घरच्याचं नाव काहून घ्यायचं? क्रियापद बोललं की कळतंच. इंग्रजीत बिचाऱ्या घरच्यालाबी दरवेळी नाव घेऊन बोलवावं लागतं.” वहिनी डोळे पुसता पुसता हसल्या. मला हसता आलं नाही.

हिंगोलीला परत आले, हातपाय धुतले आणि कपाटातून ते पुस्तक काढलं. लुप्त कर्ता जिथे छापला आहे तिथे समासात पेन्सिलीने लिहिलं, ‘घरचा’. मी आयुष्यभर व्याकरण शिकवलं, पण इतका नेमका शब्द मला कधी सुचला नाही. आता रोज दुपारी चहा घेऊन त्या पुस्तकाशी बसते, अनिलला फोन करून एकेक शब्द विचारते आणि समासात लिहिते. सगळे शब्द बिनचूक आहेत, एकही खोडावा असा नाही. “सर, शब्द जमलाय” एवढंच म्हणायचं असतं... पण घरात मी एकटी असते, आणि चहा एकच कप केलेला असतो.