गाडी उभी होती

गाडी उभी होती. हँडब्रेक ओढलेला होता आणि पुढच्या ट्रॉलीपासून तिचं नाक एक बैलगाडी आरामात आडवी जाईल एवढं लांब होतं. हे मी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलंय, की मी तोंड उघडलं की सांगलीत माझ्या सासरची माणसं एकमेकांकडं बघतात. बघू देत. मला अजून राग येतो, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

गाडी माझे वडील चालवत होते. त्यांना आम्ही आबा म्हणतो. आबा फौजेत ड्रायव्हर होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी पहाडातल्या रस्त्यांवर ट्रक चालवला, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी. पेन्शनीत आल्यावर उंब्रजजवळ आमच्या गावी परतले, ऊस लावला, पण जीव अडकलेला गाडीतच. कुणाची सून अडली, कुणाच्या छातीत दुखायला लागलं, की कराडला दवाखान्यात न्यायला आबांनाच हाक. त्यांच्या गाडीला कधी ओरखडा गेला नाही, हे ते स्वतः कधी सांगत नसत. गाव सांगायचं.

धाकट्या भावानं नवी गाडी घेतली, तिच्यात कंपनीतूनच रेकॉर्डर बसवलेला होता. आरशामागं बारीकसा कॅमेरा. गाडी चालू केली की समोरचा रस्ता टिपायला लागतो, आणि पुढच्या पडद्यावर हवं तेव्हा बघता येतं. जागा भरली की जुनं पुसतो आणि त्यावर नवं टिपतो. भावानं ते दोन दिवस कौतुकानं सगळ्यांना दाखवलं आणि विसरून गेला. आबांनी मात्र गाडीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचलं. हा रेकॉर्डर आतलं बोलणंही टिपतो, हे घरात एकट्या आबांना ठाऊक होतं. फौजेत गाडी काढण्याआधी तपासणी करून मोठ्यानं सांगायची सवय होती. ती त्यांनी पुन्हा सुरू केली. गाडीभोवती फेरी मारायची, आत बसायचं आणि त्या आरशाकडं बघून म्हणायचं, “हवा, पानी, ऑइल, ब्रेक. ठीक.” वहिनी पदर तोंडाला लावून हसायची.

धक्का बसला की त्या वेळचं चित्र आपोआप बाजूला जपून ठेवायची सोयही त्यात होती. पण ती ज्यानं केली त्यानं आमच्याकडचे रस्ते पाहिलेले नसावेत. त्या बिचाऱ्या रेकॉर्डरला दर फर्लांगावर अपघात झाल्यासारखं वाटायचं आणि तो टुंग टुंग करून गाडी डोक्यावर घ्यायचा. भावानं वैतागून ती सोय बंद करून टाकली. इथंवर मला कुणाचाच राग नाही.

साखर कारखाने सुरू झाले होते. आबा पाटणहून एकटेच परत येत होते. चढाला पुढं उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, त्या माळवदाइतक्या उंच भरलेल्या. ट्रॅक्टर मधेच थांबला. ड्रायव्हर उतरला, ट्रॉलीच्या चाकामागं दगड लावला आणि सुटलेला दोर आवळायला लागला. आमच्याकडं हे रोजचंच. चढाला थांबलं की दगड लावायचा, निघताना तो तसाच रस्त्यात सोडायचा. उचलायला कुणाच्या बापाला वेळ असतो? त्या दिवशी तर तो दगडही नव्हता, मुरमाचं ढेकूळ होतं. ते भुगा झालं आणि मागची ट्रॉली सावकाश मागं सरकत येऊन आबांच्या गाडीच्या बॉनेटवर बसली. आबांना मागं घ्यायलाही जागा नव्हती, मागं बुलेटवाले, जीपवाले लागलेले.

आता बघणाऱ्याला दिसणार काय? गाडीचं नाक ट्रॉलीच्या ढुंगणात आणि स्टेअरिंगवर पांढऱ्या केसांचा म्हातारा. कोण पुढं गेलं नि कोण मागं आलं, हे कोण विचारतो! ट्रॅक्टरचा ड्रायव्हर ओरडला, “म्हाताऱ्यानं ठोकली!” झालं. माणसं जमली. “आजोबा, वय झालं आता, घरी बसावं.” “दिसत न्हाई तर कशाला चालवायची?” आबा सांगत होते, “गाडी हुबी हुती.” त्यांचं ऐकायला एकजण थांबला नाही.

कुणीतरी फोन केला, तसा भाऊ आला. आल्या आल्या त्यानं बापाला काय झालं ते विचारायचं की नाही? यानं ड्रायव्हरला विचारलं. मग आबांकडं वळून म्हणाला, “आबा, जोडा हात आन मिटवा. रस्ता अडलाय.” आणि आबांनी हात जोडले. चढावर, भर गर्दीत, त्या मुरमाच्या ढेकळावर गाडी सोडणाऱ्या माणसाला माझ्या बापानं हात जोडले.

घरी आल्यावर भावानं गाडीची किल्ली देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवली आणि आबांना सांगितलं, आता गाडी चालवायची नाही.

हे सगळं मला आबांनीच फोनवर सांगितलं. आवाज नेहमीचाच होता, फक्त बारीक. शेवटी म्हणाले, “आरशामागं समदं आसंल बघ, बाय. गाडी हुबी हुती.” मी लगेच भावाला फोन लावला. म्हटलं, मी रविवारी येते, तोवर गाडी जागची हलवायची नाही, नाहीतर जुनं पुसलं जाईल. तो म्हणाला, “बरं आक्का.” मी दोनदा म्हणवून घेतलं.

रविवारी एसटीनं उंब्रजला उतरले, घरी गेले, तर अंगणात गाडी नाही. आबा एकटे बाजेवर बसलेले. गाडीला काही झालं की तिला देवाला नेऊन नारळ फोडायचा, ही आमच्या घरची रीत. आत्या तासगावहून खास त्यासाठी येऊन बसली होती, आणि रविवार जोतिबाचा. पहाटेच सगळे चेपलेल्या बॉनेटला हार घालून डोंगरावर गेले होते. तिथून आत्याला तासगावला सोडून मग परत. ज्याच्या हातून गाडीला लागलं म्हणायचं, त्याला तेवढं घरी ठेवलं होतं. का, तर त्यांना दगदग होते.

मी भावाला फोनवर काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो शांतपणे म्हणाला, “देवाच्या कामाला न्हाई कसं म्हणू, आक्का?” देवाचं नाव पुढं केलं की आमच्याकडं मोठमोठ्यांची वाचा बसते. माझी बसली नाही, पण तोवर गाडी तासगावच्या वाटेला लागली होती आणि जे पुसायचं ते पुसलं जात होतं.

दिवस कलायला गाडी आली. भाऊ पाय धुवायला मागच्या दारी गेला, तशी मी आबांना गाडीत बसवलं आणि पडदा चालू केला. पाटणच्या चढाचा मागमूस उरला नव्हता. शिल्लक होतं ते सगळं जोतिबाहून परतीचं. मी कपाळावर हात मारून घेतला. आबा म्हणाले, “आवाज सोड की वाईच.”

मी आवाज वाढवला. पडद्यावर बॉनेटवरचा हार वाऱ्यानं फडफडत होता, समोरून एसटी जात होती, आणि आत आत्या विचारत होती, “आबाला आता दिसत न्हाई व्हय रं?”

मग भावाचा आवाज. “दिसतंय की. आबांची चूक न्हाई, आत्या. मी बघितलं ह्यात, त्याच सांजंला. गाडी हुबीच हुती. ट्रॉलीच मागं आली.”

“मग बोलला का न्हाईस?”

“बोलून काय करू? ऊस हुबा हाय फडात, आन आपली तोडणी त्याच ट्रॅक्टरवाल्याकडं. त्या मालकानं टोळी दुसरीकडं फिरीवली म्हंजी? आन आबांनी गाडी सोडल्याली बरीच. आज न्हाई तर उद्या सोडायचीच हाय.”

“त्ये बी खरंच.” आत्या म्हणाली. मग वहिनी म्हणाली, पुढं चांगला चहा मिळतो, थांबायचं का?

ज्यांना ऊस ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ऊस तोडणारी टोळी ट्रॅक्टरमालकच आणतो. तो रुसला की तुमचा फड मागं पडतो, उसाला तुरे येतात, आतून वाळायला लागतो. म्हणून हंगामात ट्रॅक्टरमालकाला जावयासारखं जपतात. ते मलाही कळतं, मीही उसाच्याच घरातली. पण जावयाला जपताना बापाला रस्त्यावर उभं करून हात जोडायला लावायचे, हे कुठल्या रीतीत बसतं?

मी दार उघडून उठणार, तर आबांनी माझं मनगट धरलं. “परत लाव.” मी लावलं. ‘गाडी हुबीच हुती’ तिथंवर आलं की ते हात वर करायचे, मी थांबवायचे. मग परत. त्यांनी ते वाक्य किती वेळा ऐकलं मी मोजलं नाही. नंतर त्यांनी पडद्यावरचं एक बटण दाखवलं. “ह्ये दाब. म्हंजी ह्यो तुकडा पुसायचा न्हाई.” मी दाबलं. म्हटलं, आता त्याला बोलावते आणि तोंडावर ऐकवते. आबा म्हणाले, “आदी ऊस जाऊ दे.”

याचाही मला राग आला, खोटं कशाला बोलू! पण आबांचा शब्द मोडता येईना. सांगलीला परत गेले आणि ऊस जायची वाट बघत बसले.

फडाला कोयता लागला तसा भावाचा फोन आला, शेवटच्या ट्रॉलीला नारळ फोडायचाय, ये. मी गेले. ट्रॉली भरून रस्त्याला लागली. ट्रॅक्टरचा मालक आमच्या अंगणात खुर्चीवर बसला होता. भावानं त्याला टॉवेल-टोपी केली, वहिनीनं चहा दिला. आबा बाजेवर होते. मालक त्यांना अदबीनं म्हणाला, “आबा, बरं हाय न्हवं?”

मी उठले, खिळ्यावरची किल्ली घेतली, अंगणात उभ्या गाडीची चारी दारं उघडली आणि आवाज होता नव्हता तेवढा सोडला. आत्या, भाऊ, ऊस, टोळी, चहा, सगळं. भावाच्या हातातला कप तसाच राहिला. वहिनी आत गेली. मला वाटलं, आता मालक भडकणार. भडकू दे, ऊस गेलाय.

मालक भडकला नाही. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाला, “आक्का, ह्ये मला कशाला ऐकवताय? माझ्या ड्रायव्हरनं रातच्याला सगळं कबूल केलं हुतं. मी दुसऱ्या दिशीच तुमच्या भावाला फोन केला. म्हणलं बॉनेट नीट करून देतो, आबांना भेटाय येतो. ह्योच म्हणला, नगा येऊ, आमच्या म्हाताऱ्याचीच चूक हाय.”

मी भावाकडं बघितलं. तो जमिनीकडं बघत होता. “मला वाटलं तुमी मनात धरशीला,” तो मालकाला म्हणाला. अजूनही मालकालाच! म्हणजे भीती घालणारा कुणी नव्हताच. यानं आपली आपणच भीती घालून घेतली, आणि तिची किंमत बापाकडून वसूल केली.

मालक उठून आबांपुढं आला आणि हात जोडायला लागला. आबांनी त्याचे हात खाली केले. “आसूं द्या,” ते म्हणाले. “माझं जोडून झाल्यात.”

मालक गेल्यावर भावानं गाडीला लागलेली किल्ली काढून आणली आणि आबांपुढं धरली. त्याचे डोळे भरले होते. मला दया आली नाही. आबांनी किल्लीकडं बघितलं, घेतली नाही.

“हुब्या गाडीला तू चालती म्हणलास,” ते म्हणाले. “चालत्या गाडीचं काय सांगशील?”

त्यानंतर आबांनी स्टेअरिंगला हात लावलेला नाही. मी सांगलीला चला म्हणते, माझी गाडी चालवा म्हणते, ते हसून विषय बदलतात. पण गावी गेले की सकाळी मला ते दिसतं. भाऊ कुठं निघाला की आबा बाजेवरून उठतात, गाडीभोवती सावकाश फेरी मारतात, टायरला पायानं दाबून बघतात, वाकून खाली तेल गळतंय का ते बघतात. मग खिडकीशी उभं राहून आत आरशाकडं तोंड करून मोठ्यानं म्हणतात, “हवा, पानी, ऑइल, ब्रेक. ठीक.” आणि परत येऊन बाजेवर बसतात. भाऊ मान खाली घालून गाडी काढतो. त्या मानेवर एक ठेवून द्यावी असं मला दर वेळी वाटतं.