डाव्या बाजूचे आरसे

हनीफ गेल्याची बातमी मला कोईमतूरहून कळली. मी मेहकरात, तो देऊळगाव राजात, मध्ये एसटीचा दोनेक तासांचा रस्ता... आणि माझ्या लहानपणापासूनच्या दोस्ताची खबर मला दिली ती पार तिकडे दक्षिणेत बसलेल्या एका माणसानं, ज्याला मी कधी डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं. संध्याकाळी स्टुडिओत पासपोर्टचे फोटो कापत होतो. फोनवर सेल्वमचं नाव आलं. "मदनजी, आप पहुँच गए?" मी म्हटलं, "कहाँ?" तो नुसतं "हनीफभाई..." म्हणाला आणि पुढं त्याच्या मोडक्या हिंदीला शब्द सापडेनात. झालं असं होतं, की हनीफ दुपारी दुकानातच छातीत कळ येऊन गेला. घरात कोणाला कोणाचं भान नव्हतं. सहा वाजता रोजच्यासारखा सेल्वमचा फोन आला, तो नसरीनभाभींनी, म्हणजे हनीफच्या बायकोनं उचलला. म्हणून त्याला आधी कळलं. यात कोणाची चूक नाही, हे मला समजतं. पण खरं सांगतो, रडू येण्याच्या आधी माझ्या मनात हे आलं, की बघ, मेल्यावरसुद्धा यानं त्यालाच आधी सांगितलं. मग दुकानाचं शटर ओढलं आणि मिळेल त्या गाडीनं निघालो.

आम्ही दोघं बुलढाण्याकडच्या धाड गावचे. जीप स्टँडसमोर आमचं घर, मागच्या गल्लीत त्याचं. लहानपणी ज्वारीच्या धांड्याच्या गाड्या करायचो. माझी गाडी बाजाराच्या ओट्यापर्यंत जायच्या आत खिळखिळी व्हायची. त्याची गाडी खेळायला मिळावी म्हणून पोरं त्याच्या मागं मागं फिरायची. माझी आई म्हणायची, "हनीफची पाहाय, कशी देखणी केली त्यानं." आईनं दुसऱ्याच्या पोराचं कौतुक करणं हा काही गुन्हा नव्हे, पण मला पन्नाशी उलटली तरी ते वाक्य तिच्या आवाजात ऐकू येतं. पुढं मी मेहकरला फोटो स्टुडिओ टाकला. त्यानं सासुरवाडीच्या ओळखीनं देऊळगाव राजात बी-बियाण्यांचं दुकान टाकलं.

गाड्यांची मॉडेलं करण्याचा नाद मात्र त्याला मी लावला. हे इथं लिहूनच ठेवतो, कारण दुसरं कोणी लिहिणार नाही. औरंगाबादला कॅमेरा दुरुस्तीला गेलो असताना एका दुकानात जीपचं किट दिसलं. खेळणं नव्हे ते. खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्यात बनवलेले बारीक बारीक तुकडे. घासायचे, जोडायचे, रंगवायचे. दोन किट घेतली, एक त्याला दिलं. या छंदातली मेख अशी, की किट परदेशी गाडीचं असतं. आपल्या स्टँडवरची जीप करायची तर आपली चाकं, आपले बंपर, आपला टपावरचा कॅरिअर कुठून आणायचा? त्यासाठी देशात चार-दोन माणसं आहेत. घरातल्याच एका खोलीत साचे करतात, त्यात रेझिन, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारं पातळ प्लॅस्टिक, ओततात आणि असले सुटे भाग कुरिअरनं पाठवतात. ना दुकान, ना पाटी, फोन लागला तर लागला. सेल्वम त्यातला एक. त्याचा नंबर मी हुडकून काढला. पहिली चाकंही मीच मागवली. ती लावली आणि माझी जीप ढुंगणावर बसल्यासारखी दिसायला लागली. सेल्वमच्या नावानं बोटं मोडत मी हनीफकडे गेलो. त्यानं चाक चिमट्यात धरून उजेडात फिरवलं आणि म्हणाला, "तुह्यं म्हंजे नाचता येईना अंगण वाकडं. हे एकास पंचवीसचं चाक आहे बे, जीप एकास चोवीसची. माप सांगतलं होतं का त्याले?" सांगितलं नव्हतं. ही दोन मापं या धंद्यात शेजारी शेजारी नांदतात आणि नवा माणूस हमखास तिथंच आपटतो. "थांब, मी बोलतो," म्हणत त्यानं फोन लावला. बोलणं तासभर चाललं. मी समोर बसून चहा प्यालो, मग आणखी एक प्यालो. तक्रार माझी आणि दोस्ती त्याची झाली. चाकं बदलून आली, तीही हनीफच्याच पत्त्यावर.

तेव्हापासून सहा वाजले की सेल्वमचा फोन. मी दोन तास एसटीत हाडं खिळखिळी करून आलेला असलो तरी हनीफ खुर्ची भिंतीकडे वळवायचा आणि हिंदीत सुरू व्हायचा. त्याला काळी-पिवळी करायची होती, आमच्या धाड-बुलढाणा रस्त्यावरची. मागच्या फळीवर उभं राहून माणसं लोंबकळतात ती, टपावर कापसाची गाठोडी बांधतात ती. सेल्वमनं धाड कुठं आहे हे नकाशातही पाहिलं नसेल. हनीफ फोनवर वर्णन करायचा आणि तो तिकडे साचा कोरायचा. आता वर्णनानं का कुठं कॅरिअर होतो? भर उन्हात स्टँडवर उभं राहून जीपचे चारी बाजूंनी फोटो मी काढले. ड्रायव्हर लोक विचारायचे, "काऊन भाऊ, केस-बिस झाली का?" ते फोटो सेल्वमला गेले, त्यावरून फळी, कॅरिअर, दोरीचे हूक, सगळं झालं. मग त्यानं तो संच देशभरातल्या शौकिनांना विकायला काढला आणि नाव काय ठेवलं, तर 'हनीफ सेट'. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. हनीफला मी तसं बोललोही. तो हसून म्हणाला, "तुह्या नावानं एक स्टेपनी काढाले सांगतो." मी त्या दिवशी जेवायला थांबलो नाही.

आरशाचं भांडण त्याच सुमारास सुरू झालं. सेल्वम आरसे जोडीनं पाठवायचा, एक उजवा, एक डावा. मी माझ्या जीपला दोन्ही लावायचो. हनीफ फक्त उजवा लावायचा आणि डावा एका पत्र्याच्या डबीत टाकून द्यायचा. "धाडच्या स्टँडवर डावा आरसा शाबूत असलेली जीप दाखव, दुकान तुह्या नावावर करतो." कारण डाव्या अंगाला माणूस लोंबकळतो, तो आरसाच धरतो, नाहीतर बैलगाडीच्या दांडीनं आरसा फुटतो. त्याचं बरोबर होतं, म्हणून तर जास्त राग यायचा. आणि आरशाला लखलखीत काच कशाची? मी स्वयंपाकघरातला चंदेरी कागद चिकटवायचो, त्याला सुरकुत्या पडायच्या. हनीफनं दुकानातली पाकिटं फाडली. बीटी कपाशीच्या बियाण्याबरोबर साध्या कपाशीचं एक लहान पाकीट येतं. ते शेताच्या कडेनं लावायचं असतं, म्हणजे अळी तिथं वेगळी वाढते आणि बीटीला लवकर सरावत नाही. हनीफ एकूण एका गिऱ्हाइकाला हे सांगायचा. जूनमध्ये दुकानापुढं बीटीसाठी रांग लागायची, हातघाईवर यायची माणसं, आणि मोठं पाकीट मिळालं की लहान पाकीट पायरीवर टाकून निघून जायची. कोण आपल्या शेतातली चार तासं, म्हणजे चार ओळी, साध्या कपाशीसाठी अडकवणार? हनीफ ती पाकिटं गोळा करायचा. बी निवडून ठेवायचा आणि पाकिटाच्या आतली चांदी कापून आरशात बसवायचा. डबीत पडणाऱ्या डाव्या आरशालासुद्धा. त्याचे आरसे मी भिंगातून पाहिलेत, त्यात स्टुडिओची ट्यूबलाइट दिसायची. सेल्वमला त्यानं ती चांदी पाठवली, आणि सेल्वमचे आरसेही चमकायला लागले. मला पाठवली नाही असं नाही, पण त्याच्यानंतर.

मग ती वर्षं आली. चांगली वाढलेली पऱ्हाटी, बोंडं भरलेली, आणि फोडून पाहावं तर आत गुलाबी अळी. बीटीवर अळी येत नाही म्हणून जे बियाणं घ्यायला माणसं भांडली होती, तेच किडकं बोंड हातात घेऊन ती हनीफच्या काउंटरपुढं उभी राहायची. शिव्या कोणी देत नव्हतं. "हनीफभाई, तुमच्यावर भरवसा ठेवला होता," एवढंच म्हणायची, ते शिवीपेक्षा वाईट. त्या हिवाळ्यात मी गेलो तेव्हा त्याची नवी जीप अर्धवट, उजवा आरसाही न लावलेली, काउंटरच्या मागं पडली होती. "काऊन बे, धूळ खाऊन राह्यली ते?" "सवड नाही." मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. डोळ्यांखाली काळं आलं होतं, मान खाली. "तब्येत बरी आहे ना तुही?" "हाव. तुले काय झालं, डॉक्टर झाला का?" आणि सहा वाजता फोन आला. खुर्ची भिंतीकडे वळली. मी शेवटच्या गाडीची वेळ झाली म्हणून उठलो, वेळ झालेली नव्हती.

चाळिसाव्याला सेल्वम आला. जालन्यापर्यंत रेल्वे, पुढं एसटी. इतकी वर्षं ज्याच्यावर जळत होतो तो माणूस माझ्या डोक्यात मोठा, ऐटबाज होता. हा तर किडकिडीत, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेला, बोटांना रेझिनचे डाग. फातेहा झाला, जेवणं झाली, आम्ही दोघं दुकानाच्या बंद शटरपुढं पायरीवर बसलो. मग त्यानं बोलायला सुरुवात केली, आणि एकेक गोष्ट ऐकताना मला पायरीवरून उठून जावंसं वाटत होतं. हनीफच्या छातीत वर्षभरापासून दुखत होतं. सेल्वमला माहीत होतं. हनीफ दुकान बंद करायचं म्हणत होता. हेही त्याला माहीत होतं. एकदा हनीफ फोनवर रडला होता. "वो बोला, सेल्वम, जो पाकिट खेत में लगाना था, मैंने उसके आरसे बनाए." मी म्हटलं, "पर उसने तो सबको समझाया था. लोगों ने फेंका." "मैंने भी वही बोला," सेल्वम म्हणाला, "पर वो नहीं माना."

मला राहवेना. मी विचारलंच, की तुला सांगितलं, मला का नाही? मी काय मेलो होतो मेहकरात? तो म्हणाला, "मैंने पूछा था उसको. बोला, मदन फोटोवाला है, चेहरा देखता है. उसके सामने मैं टूट जाऊँगा. तू दिखता नहीं, इसलिए तेरे को बोलता हूँ." मग चष्मा काढून पुसत म्हणाला, "मदनजी, मैं आपसे बहुत जलता था." मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तर तो सांगायला लागला. हनीफ त्याचा प्रत्येक भाग परत पाठवायचा, का, तर मदनला चालणार नाही. हूक जाड झाला, मदन हसेल. फळी वाकडी आहे, मदन लगेच पकडेल. चार चार वेळा साचे मोडून केले त्यानं, माझ्यासारख्या बसक्या जीपवाल्याच्या धाकानं. "हर टाइम मदन, मदन. मैं सोचता था, ये मदन है कौन." मला हसूच आलं.

इथं गोष्ट संपायला हवी होती. दोघांची मनं स्वच्छ झाली असं लिहून मोकळा झालो असतो. पण ती अर्धवट जीप आत होती. सेल्वम म्हणाला, भाग सगळे माझे आहेत, मी पूर्ण करून देतो. मी म्हटलं, पहिलं किट मी आणलं होतं, फोटो माझे, पूर्ण मी करणार. आवाज चढले. नसरीनभाभी दारात येऊन उभ्या राहिल्या, कधी आल्या कळलं नाही. "तुम्ही दोघं काय भांडून राह्यले?" त्या म्हणाल्या. "तुमाले तर त्यानं रोज विचारलं, हा हूक कसा, ते चाक कसं. मी याच घरात होती. मले एक दिवस नाही म्हटलं, नसरीन, पाहाय बरं, पिवळा रंग कसा दिसते." आम्ही दोघंही खाली बघायला लागलो. "जीप माह्याजवळ राहीन. जशी आहे तशी." त्यांनी ती आत नेली आणि फडताळात काचेच्या ग्लासांच्या पुढं ठेवली. आम्ही निघताना पत्र्याची ती डबी माझ्या हातात दिली, काउंटर आवरताना सापडली होती. "हे काय आहे त्याच्यातलं, मले समजत नाही. पायजे असन तर न्या."

डबीत डावे आरसे होते. इतक्या वर्षांचे, एकही न लावलेला, सगळ्यांना चांदी बसवलेली. सेल्वमनं बघितलं आणि लगेच म्हणाला, आधे मेरे को दो, बनाए तो मैंने हैं. मी डबी खिशात घातली.

आता ती माझ्या स्टुडिओत असते, फोटो कापायच्या कात्रीशेजारी. रोज सहा वाजले की सेल्वमचा फोन येतो. आधी विचारतो, "मिरर हैं?" मी म्हणतो, "हैं." तो म्हणतो, "एक तो भेज दो." मी म्हणतो, "नहीं." मग तो तिकडची हकिकत सांगतो, मी इकडची, इथल्या पऱ्हाटीची, नसरीनभाभींची, अर्धा तास जातो. एकदा बायको म्हणाली, "त्या बिचाऱ्याले एक आरसा द्या ना, तुमचं काय जाते?" तिला काय सांगू. आरसा दिला, तर उद्या तो फोन कशाला करील...