मांद्रे ते लाटंबार्से: एका घोरपडीपर्यंतचा प्रवास

सावंतवाडीहून सुटलेली एसटी पत्रादेवीच्या नाक्यावर थांबली तेव्हा लख्ख ऊन पडलं होतं, आणि भर श्रावणात मला तेवढंच हवं होतं. ऊन नसलं की सरडे बाहेर पडत नाहीत, आणि मी सांगलीहून चांगली आठ दिवसांची रजा टाकून आले होते ती सरडे बघायला. शेजारच्या बाईंनी विचारलं म्हणून त्यांना हे सांगितलं. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि जरा पलीकडे सरकून बसल्या.

गोवा तेव्हा नुकतंच राज्य झालं होतं. नाक्याजवळच्या एका पाटीवर ताज्या रंगात ‘गोवा राज्य’ लिहिलं होतं आणि त्याखालून जुन्या पाटीतलं ‘दमण आणि दीव’ अजून पुसट दिसत होतं. गाडीत दोन प्रवासी कोकणी की मराठी यावरून हमरीतुमरीवर आले होते. दोघांची बोली मला तरी एकच वाटली, पण मध्ये तोंड घालायचं धाडस झालं नाही.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवते. पाठ्यपुस्तकात पाल, सरडा, सापसुरळी आणि घोरपड यांना मिळून चार ओळी दिल्या आहेत. त्यांचं अंग वेगवेगळं का, हे त्या चार ओळींत कुठेच नाही. म्हटलं, आपणच बघावं, चित्रं काढावीत आणि मुलांसाठी तक्ता करावा.

पहिला मुक्काम मांद्र्याला. समुद्राजवळ एका ख्रिस्ती बाईंच्या घराची मागची खोली मिळाली. सकाळी त्यांनी उंडे (कडक सालीचे गोल पाव) आणि चहा आणून दिला आणि मला भिंतीकडे टक लावून बसलेली पाहून त्या दारातच थबकल्या.

“टीचर, तुमच्या गांवांत पाली नात?”

“आहेत की. पण तिकडे मला वेळ नसतो.”

हे अगदी खरं होतं. सांगलीच्या घरात मी पालीला झाडू दाखवते. इथे पहिल्यांदाच तिच्या बोटांखालच्या गाद्या नीट पाहिल्या. त्या गाद्यांच्या जोरावर ती गुळगुळीत भिंतीवर आणि छतालाही उलटी फिरते, म्हणून दिव्याजवळचे किडे तिच्या वाट्याला येतात. शरीर चपटं, पाय बाजूला फाकलेले. तीच पाल मी जमिनीवर पाहिली तेव्हा मात्र ती अगदीच गबाळी पळत होती.

सरड्याचा थाट निराळा. अंगणातल्या माडावर एक नर बसला होता, गळा लालभडक, अंग दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं, मागचे पाय चांगले लांब. तो हलेचना. डोकं मोठं, डोळे सगळीकडे फिरते, आणि वाट बघायची विलक्षण तयारी. अर्ध्या तासाने एक मुंगळा समोरून गेला. सरडा झेपावला, जाड चिकट जीभ टेकवली, मुंगळा आत. मग पुन्हा दगडासारखा निश्चल. एका जागी बसून खाणाऱ्याला दूरचं नीट दिसलं पाहिजे आणि एकच झेप जोरात घेता आली पाहिजे. त्याचं सगळं अंग त्याच कामाचं होतं. हे मी वहीत लिहीत असताना कावळ्याने माझा उंडा पळवला. वाट बघण्यात तोही कमी नव्हता.

तिसऱ्या दिवशी फेरीबोटीने तेरेखोलला गेले. किल्ला पाहायचा होता, पण पाहिली सापसुरळी. पालापाचोळ्यात ती सारखी फिरत होती; क्षणभर स्वस्थ नाही. पाय इवलेसे, अंग लांब आणि तुकतुकीत, पानांखालून सरकताना कुठेही न अडकणारं. सरडा जेवण येईल म्हणून बसून राहतो, ही बाई घरोघर फिरून शोधते. तिच्यामागे वाकून चालता चालता शेवाळावर माझा पाय घसरला आणि मी चिखलात बसले. फेरीबोटवाल्याने परतताना माझ्या साडीकडे पाहिलं, पण काही विचारलं नाही. फार सभ्य माणूस.

तिथून पेडण्यावरून डिचोली आणि डिचोलीहून लाटंबार्से. डिचोलीच्या रस्त्यावर खाणीच्या ट्रकांनी चिखल लाल करून ठेवला होता. बसच्या काचाही लाल. माझ्या शाळेत शिकवणाऱ्या सुमनचं माहेर लाटंबार्स्यात. तिचा भाऊ गोपाळ भातशेती आणि काजूची बाग बघतो. मी उतरले तेव्हा तो आणि त्याची बायको, दोघंही रस्त्यावर येऊन उभे होते.

“येयात टीचर, येयात. सुमनान कागद धाडला. तुमी सरडे बगूंक आयल्यात मूं?” गोपाळभाऊंनी हे इतक्या गंभीरपणे विचारलं की मला धीर आला.

त्यांच्या बागेत घोरपड होती. इकडे तिला गार म्हणतात. काजूच्या बागेच्या कडेला चिऱ्यांचा जुना गडगा (दगड रचून केलेलं कुंपण) आहे, त्यातल्या एका भोकात तिचं घर. मी दोन सकाळी तिथे बसून काढल्या. चांगली दीड हात लांब. मान लांब, पाय दणकट, नख्या वाकड्या आणि दुभंगलेली जीभ सारखी आतबाहेर. ती जीभ चिकट नाही, त्या जिभेने ती किडे पकडत नाही. जिभेने ती वास घेते. म्हणून तिला चालावं लागतं. ती अंडी, खेकडे, बेडूक, उंदीर, जे मिळेल ते हुंगत हुंगत शोधते आणि सबंध गिळते, आणि त्यासाठी तिच्या गळ्याची, पोटाची कातडी कपड्यासारखी सैल असते. भिडस्त प्राणी, पण चालण्यात एक रुबाब. मी तिच्यावर अगदी लुब्ध झाले.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला सोप्यावर (पुढच्या पडवीत) वाड्यावरची (वस्तीवरची) सात-आठ माणसं जमली. टीचर आली आहे, काहीतरी सांगते, अशी बातमी पसरली होती. मग काय, मला तेच हवं होतं. पालीची बोटं, सरड्याची जीभ, सगळं वही उघडून दाखवलं. पालीची शेपटी तुटते ती हाडातच तशी जागा असते म्हणून, आणि सापसुरळीचीही तशीच तुटते, हे सांगितलं. “टीचर सांगता तें खरें,” असं एक म्हातारे दर वाक्याला म्हणत होते. त्या भरात मी गडग्यातल्या घोरपडीचंही सगळं सांगून टाकलं. ती कधी बाहेर येते, कुठल्या वाटेने जाते, कुठल्या भोकात परतते. नेमकी वेळ सांगितली. ती वेळ इथे लिहीत नाही.

गोपाळभाऊ खांबाला टेकून ऐकत होते. त्यांच्या मागे खुंटीला एक घुमट टांगलं होतं. घुमट म्हणजे दोन्हीकडून उघडं मडकं. मोठ्या तोंडावर चामडं ताणून बसवायचं आणि लहान तोंडावर डावा हात उघडमीट करायचा. चवथीला (गणेश चतुर्थीला) इकडे घराघरांत आरतीला घुमट वाजतं. भाऊंच्या घुमटाचं चामडं मधोमध फाटलं होतं. ते घोरपडीचं असतं हे मला माहीत होतं. तरीही दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र आल्या नाहीत. शिकवताना मला दुसरं काही सुचत नाही, हा माझा जुना दोष.

सकाळी मी बागेत पोचले तेव्हा गडग्यापाशी कालचीच माणसं उभी होती. गोपाळभाऊ पाय रोवून बसले होते आणि त्यांच्या दोन्ही हातांत घोरपडीची शेपटी होती. बाकीची घोरपड भोकात. तिने आत नख्या रुतवल्या होत्या आणि अंग फुगवून चिऱ्यांत पाचर मारल्यासारखी ती बसली होती. फुगवता येणारं ते अंग, त्या नख्या, ती सैल कातडी. तक्त्यासाठी मी जे जे लिहून घेतलं होतं ते सगळं एकदम कामाला लागलेलं माझ्यासमोर होतं, आणि तिला त्या जागी गाठून दिलं होतं मी.

“भाऊ, कायद्याने बंदी आहे,” मी म्हटलं.

“बंदी आसा, खरें,” ते म्हातारे म्हणाले. “पूण फॉरेस्टाच्या गार्डाच्या घरांतूय घुमट आसा.”

सगळे हसले. भाऊ हसले नाहीत. ते म्हणाले, “बोकडाच्या चामड्याचो आवाज बसता, टीचर. आमच्या वाड्यार पयली आरती आमच्या घुमटाचेर सुरू जाता. बापायच्या वेळार थावन (वडिलांच्या वेळेपासून).”

त्यांनी पुन्हा हात आवळले. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “ओढू नका. तुटेल. घोरपडीची शेपटीही पालीसारखीच तुटते. आणि तुटताना पाठीची कातडी उभी फाटत जाते. चामडं वाया जाईल.”

हे धादांत खोटं होतं. घोरपडीची शेपटी तशी तुटत नाही. ती चाबूक म्हणून वापरते, पोहायला वापरते, टाकून देत नाही. पंधरा वर्षं शिकवते आहे. विज्ञानातली खोटी गोष्ट, खोटी आहे हे माहीत असून, मी त्याआधी कुणाला सांगितली नव्हती.

म्हातारे म्हणाले, “टीचर सांगता तें खरें आसतलें.”

गोपाळभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग मुठी सोडल्या. शेपटी भोकात सरकत गेली आणि दिसेनाशी झाली. माणसं पांगली. मला इतका आनंद झाला की मी बांधावर बसून रडले, आणि डोळ्यांत कचरा गेला असं वहिनींना सांगितलं. म्हणजे एकाच सकाळी दोन थापा.

दुपारी जेवायला खतखतें (अनेक भाज्यांची आमटी) होतं. वहिनींनी वाढता वाढता सहज म्हटलं, “फाल्यां बोकडाचें चामडें हाडटले. पयली आरती आतां पलतडच्या घरांत वचतली.” म्हणजे उद्या बोकडाचं चामडं आणणार आणि पहिल्या आरतीचा मान पलीकडच्या घराकडे जाणार. तक्रारीचा सूर नव्हता. पुन्हा भात घेणार का, असंही त्यांनी त्याच सुरात विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी निघाले. भाऊ माझी बॅग घेऊन थांब्यापर्यंत आले. बस दूर वळणावर दिसायला लागली तेव्हा ते हळूच म्हणाले, “टीचर, एक सांगूं? गारीची शेंपडी तुटना. हांवें (मी) ह्या हातांनी चार भायर काडल्यात.”

माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. “मग सोडलीत का?”

“वाड्यावयलीं सगळीं उबीं आसलीं. हांवें ओडली आसती, तर गार भायर येतली आसली आनी तुमी फट (थाप) मारली तें सगळ्यांक कळटलें आसलें.” त्यांनी बॅग बसच्या पायरीवर ठेवली. “तुमी आमच्या घरचीं सोयरीं (पाहुण्या).”

कंडक्टरने घंटा मारली आणि मी बसमध्ये चढले.

सांगलीला आल्यावर तक्ता केला. चांगला झाला, हेडमास्तरांनी कौतुकही केलं. त्यात घोरपडीपुढे ‘शेपटी तुटत नाही’ असं मी ठळक अक्षरांत लिहिलं आहे. मग गोपाळभाऊंना पत्र लिहायला बसले. मी खोटं बोलले, वाड्यावर सगळ्यांना खरं काय ते सांगा, माझी लाज राखू नका, असं दोन पानं लिहिलं. लिहून झाल्यावर लक्षात आलं की हे पत्र वाड्यावर वाचलं गेलं तर त्या माणसाने वडिलांच्या वेळेपासूनचा आरतीचा मान ज्या पाहुणीची लाज राखायला हातचा सोडला, तिची लाजच उरणार नाही. पत्र फाडून टाकलं. लाटंबार्स्याच्या त्या वाड्यावर घोरपडीची शेपटी तुटते, असं आजही मानतात. मी विज्ञानाची शिक्षिका आहे, आणि मी ते तसंच राहू दिलं आहे.