मागच्या चाकांचे पट्टे

आधीच सांगतो – असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. हॉर्न वाजवला की मुंजासुद्धा रस्त्याच्या कडेला होतो, असं म्हणून मी लोकांना चिडवायचो. तरी हे लिहितोय, कारण इतकी वर्षं झाली, पण मला ते उलगडलेलं नाही.

साल छत्तीस असावं. इंदापूर ते बारामती स्टेशन अशी आमची मालाची लॉरी होती – जाताना गूळ, कांदा, येताना पेंड नाहीतर रॉकेल. गाडी मी चालवायचो, पण गाडीचं सामान थोरले भाऊ, अण्णा, निवडायचे. ब्रेकचे पट्टे घ्यायचे म्हणजे दुकानात अर्धा तास गेलाच. नखानं खरवडायचे, नाकाशी धरायचे, वाकवून बघायचे... मग एक जोड बाजूला सारून म्हणायचे, "दुसरा दाखवा." कारण कधी सांगायचे नाहीत.

त्या पावसाळ्यात अण्णा विषमज्वरानं गेले. मी रडलो नाही. लोक म्हणाले, पोरगं धीराचं आहे. धीर कसला, मला काहीच वाटत नव्हतं. आपण जेवलो की नाही, हेसुद्धा आईला विचारावं लागायचं.

दसरा झाला आणि ब्रेकचं पेडल पार खाली जायला लागलं. मागच्या चाकांचे पट्टे झिजले होते. स्टेशनजवळ इस्माईलभाईंचं मोटारसामानाचं दुकान होतं, तिथं सकाळी उघडायच्या वेळेलाच गेलो. माझ्या पाठोपाठ शंकरतात्या आले. तेही इंदापूरचे, त्यांचीही लॉरी. मला स्टिअरिंग धरायला त्यांनीच शिकवलं. त्यांनाही पट्टेच हवे होते.

इस्माईलभाईंनी दोन जोड फळीवर ठेवले. "दोन्ही एकाच पेटीतलं हायती. कुठलाबी उचल."

मी अलीकडचा उचलला आणि कोपरापासून खाली माझा हात गेला. दुखलं नाही, मुंग्या आल्या नाहीत – हात नुसता नाहीसा झाल्यासारखा. पट्टा फळीवर पडला. पलीकडचा उचलला, तर सगळं नीट. विणीतली तांब्याची तार बोटाला टोचली तीही कळली. पुन्हा अलीकडचा... पुन्हा तेच. डाव्या हातानं धरून पाहिला, तर डावाही गेला.

"हा नको. तो द्या," मी म्हणालो.

"अगदी अण्णांची सवय," इस्माईलभाई हसले आणि रिव्हेट आणायला आत गेले.

तात्यांनी मी नको म्हटलेला जोड उचलला. त्यांच्या हाताला काही झालं नाही. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि हळूच विचारलं, "का रं महादू, ह्यो का ठिवलास? काय खोट हाय का?"

आता आमच्याकडची रीत अशी, की दुकानदाराची भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, होईपर्यंत त्याच्या मालाला नाव ठेवायचं नाही. ठेवलं तर त्याचा अख्खा दिवस वाया जातो म्हणतात. अजून पैसे दिले नव्हते, भवानी व्हायची होती. शिवाय सांगणार काय? हात बधिर झाला म्हणून? हात दाखवून अवलक्षण! तात्या गावभर सांगत सुटले असते.

"न्हाय तात्या. असंच," मी म्हणालो.

त्यांनी तो जोड घेतला.

चौथ्या दिवशी कालव्याच्या पुलाआधीच्या उतारावर तात्यांची गाडी गुळाच्या ढेपांसकट सरळ पाण्यात गेली. गाडीत ते एकटेच होते. कालवा भरून चालला होता... काढलं तेव्हा काही उरलं नव्हतं.

फौजदारानं मिस्त्रीकडून चाकं उघडवली. मी तिथं उभा होतो. पट्टे कोरे, तेलाचा डाग नाही, रिव्हेट घट्ट. "ह्यात काय बी खोट न्हाय," मिस्त्री म्हणाला. मी एक पट्टा मागून घेतला आणि दोन्ही हातांनी दाबून पाहिला. सगळं लागत होतं – वीण, तार, चिखल.

पुढं डॉक्टरला हात दाखवला. त्यानं सुई टोचून पाहिली आणि उत्तम आहे म्हणाला. मग खोट पट्ट्यात होती, की माझ्या हातात, की कशातच नव्हती? मला अजून माहीत नाही.

तेराव्याला तात्यांच्या घरी गेलो. काकी खांबाला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "महादू, त्या दिशी दुकानात तू व्हतास न्हवं? ह्यांनी तुला काय इचारलं न्हाय का रं? चार जणांस्नी इचारल्याबिगर ह्ये कदी काय घेत न्हवते."

"न्हाय काकी," मी म्हणालो. "काय न्हाय इचारलं."

त्यांनी मान हलवली आणि सुनेला मला चहा द्यायला सांगितलं. मी तो सगळा प्यालो. तेव्हाही मला काही वाटलं नाही. वाटायला लागलं ते फार पुढं, काकी गेल्यावर.