आमच्या हिंगोलीचा कावळेवाला

माझ्या पोटात गोष्ट राहत न्हाई, हे आमच्या अख्ख्या गल्लीला माहीत आहे. कुणाकडं पाहुणे पोरगी बघायला आले, कुणाची म्हैस व्याली, मी दहा मिनिटांत चार घरांत सांगून मोकळी. आणि अशा मला एक गोष्ट कितीतरी वर्षं दाबून ठेवावी लागली! आता आईच म्हणाली, "लिही बाई, पण नाव कुणाचंच नको." म्हणून एकदाची सुटले.

आमचे बाबा पेंटर. चित्रं काढणारे न्हाई, अक्षरं लिहिणारे. दुकानाच्या पाट्या, ट्रॅक्टरचे नंबर, असलं काम. हिंगोली तेव्हा नवीनच जिल्हा झाली होती आणि मी नववीत होते. एका ऑफिसानं बाबांना मोठं काम दिलं: गावातल्या आणि कळमनुरी रोडच्या भिंतींवर घोषवाक्यं लिहायची. पाणी जपून वापरा. मुलींना शाळेत पाठवा. उघड्यावर बसू नका. आमच्या घरात तर दिवाळीच!

काम कसं चालायचं सांगते. बाबा सकाळी अक्षरांची बाहेरची रेघ काढायचे. दुपारी आई डबा घेऊन जायची. बाबा जेवून लिंबाखाली आडवे व्हायचे आणि आई अक्षरांच्या आत रंग भरायची. मग ब्रश धुवायची, रिकामा डबा उचलायची आणि घरी. लग्न झाल्यापासून हेच.

आणि एक दिवस स्टँडजवळच्या भिंतीवर, 'पाणी जपून वापरा' याच्या खाली, एक चित्र! नळ. नळाला कोळ्याचं जाळं. समोर हंड्यांची एवढी मोठी रांग, आणि नळावर बसलेला कावळा वाकून आत बघून राहिला, पाणी आहे का म्हणून. काळ्या रंगात, चार फटकाऱ्यांत. मी तर उडालेच! त्या नळाला खरंच आठ-आठ दिवस पाणी नसायचं. सगळ्या गावाला माहीत, पण असं भिंतीवर कुणी म्हटलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात 'उघड्यावर बसू नका' याच्या खाली संडास. संडासात कडबा भरलेला, आणि खिडकीतून शेळी डोकं काढून बघती. छपरावर कावळा. मग 'मुलींना शाळेत पाठवा' याच्या खाली दप्तर घेतलेली पोरगी. तिच्या पायाला दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक पाळण्याला बांधलेलं. पाळण्याच्या दांडीवर कावळा. हे बघून मी आणि माझी मैत्रीण सायकल धरून तशाच उभ्या राहिलो. ती हळूच म्हणाली, "ए, ही माझी ताई हाय." मला पुढं बोलताच आलं न्हाई. मला!

गावानं त्याला नाव देऊन टाकलं: कावळेवाला. चहाच्या टपरीवर दुसरा विषयच न्हाई.

"नांदेडचा कॉलेजचा पोट्टा असंल."

"न्हाई हो, आपला ड्रॉइंगचा मास्तर. रिटायर झालाय, काम काय त्याला?"

"मास्तरला दिसतंय का रातच्याला? चष्मा काढला की बायकू वळखंना त्याला!"

रात्री काढत असणार, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. आमच्या घरी मात्र बाबांचा चेहरा पडलेला. भिंत त्यांची, अक्षरं त्यांची, आणि खाली कुणीतरी येऊन टिंगल करून जातं. जेवण झालं की बाबा रोज काठी आणि घोंगडी घेऊन पहाऱ्याला जायला लागले. रात्रभर जागायचे. तरी दर आठ दिवसाला नवा कावळा! मी वहीच केली होती, प्रत्येक चित्र त्यात उतरवायची. आईला दाखवायची. आई भाकरी थापत म्हणायची, "चोच जरा मोठी झाली बघ तुझी." बास. एवढंच.

मग आली ती भिंत. ज्या ऑफिसानं काम दिलं त्याच ऑफिसाची. 'जनतेच्या सेवेसाठी' असं बाबांनी निळ्या रंगात लिहिलेलं. आणि खाली खुर्ची. खुर्चीवर साहेब न्हाई, नुसता कोट अडकवलेला. वर पंखा फुल स्पीडवर. समोर माणसं हात जोडून रांगेत, कोटाला नमस्कार करून राहिलेली. आणि कावळा कोटाच्या खांद्यावर.

गाव हसून हसून पडलं. साहेबांनी बाबांना बोलावलं. बाबा घरी आले तेव्हा पांढरेफटक. साहेब म्हणाले होते, "पेंटर, रंग तुझा, भिंत तुझी. सोमवारपर्यंत तो माणूस माझ्यासमोर उभा कर. न्हाईतर उरलेल्या भिंती दुसऱ्याला, आणि तुला यापुढं कुठल्याच ऑफिसात काम न्हाई."

त्या रात्री आई जेवली न्हाई. मला वाटलं, कामाची काळजी.

दुसऱ्या दिवशी शनिवारी औंढ्याहून निरोप आला, मावशी बाळंत होणार. आई पहिल्या एसटीनं गेली. म्हणजे बाबांचा डबा मी भरायचा. आता हे आधी सांगायला पाहिजे होतं: घरातली सगळी भांडी मी घासायची, फक्त बाबांचा डबा सोडून. तो आई स्वतः घासायची आणि फळीवर उंच ठेवायची. भिंतींचं काम सुरू झाल्यापासून हे चाललेलं, पण मी कधी विचारलंच न्हाई काहून. मी स्टूल घेतलं, डबा काढला. वरचे दोन कप्पे लख्ख. खालचा उघडला.

टर्पेंटाइनचा असा वास आला की डोळ्यांत पाणी! आत सुकलेला काळा रंग, आणि दांडी मोडून बोटाएवढा केलेला एक ब्रश.

मी डबा घेऊन खालीच बसले. आई! माझी आई! चौथी शिकलेली, दुकानदाराशी बोलताना पदर सारखा करणारी! पोळी करपली, मला कळलंच न्हाई. मग सगळं डोक्यात फिरायला लागलं. बाबांनी काल संपवलेली भिंत आईच्या घरी यायच्या वाटेवरच असायची. मे महिन्याच्या दुपारी दोनला हिंगोलीत रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. आणि असलं कुणी, तरी काय बघणार? पेंटरची बायको ब्रश घेऊन भिंतीपाशी. ते तर रोजचंच! गाव रात्री जागत होतं, बाबा रात्री जागत होते, आणि रात्रभर जागले म्हणून दुपारी अजून गाढ झोपत होते!

दीड दिवस मी तोंड दाबून बसले. मैत्रीण आली तर तापाचं सोंग केलं. रविवारी संध्याकाळी आई आली, मावशीला मुलगी झाली म्हणून खूश. मी नुसता डबा तिच्यापुढं ठेवला.

तिनं बघितलं. पिशवी खाली ठेवली. "कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच न्हाई."

"तू?" हसलीच ती. मग म्हणाली, "मीच हाय. उद्या जाते साहेबाकडं. सांगते, माझ्या नवऱ्याला ह्यातलं काय बी ठावं न्हाई."

"आई, पण काहून काढलंस गं?"

"'मुलींना शाळेत पाठवा' यात रंग भरायला मला दोन घंटे लागले. मोठाली अक्षरं व्हती. चौथीतून काढलेल्या बाईनं दोन घंटे तेच भरायचं म्हटल्यावर हात गप बसतोय व्हय?"

"कुठं जायचं न्हाई."

आमी दोघी दचकलो. दारात बाबा. काठी आणि घोंगडी हातात. कधीपासून उभे होते कुणाला माहीत. आई भिंतीला टेकली, रंगच उडाला तिचा.

बाबा आत आले, चटईवर बसले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "तुझी आई डावखुरी हाय. फटकारा उजवीकडनं सुरू करती अन् डावीकडं निमुळता सोडती. हिंगोलीत असं ब्रश वढणारं दुसरं कोण हाय? पहिल्याच कावळ्याला वळखलं म्या."

आई म्हणाली, "मग तुमी बोलला काहून न्हाई?"

"बोललो असतो तर तू थांबली असतीस."

"अन् ते रातचं जागणं?"

"दोन पोट्टे पहिल्या चित्रावर डांबर फासायला आले व्हते. म्हणून बसायचो." घोंगडीची घडी करत म्हणाले, "दुपारची झोप बी समदी खरी नसायची. पण घोरायला लै तकलीफ व्हायची."

आई हसायला लागली आणि हसता हसता रडली. मी तर कुणाकडं बघू तेच कळेना!

सोमवारी बाबा एकटेच गेले. म्हणाले, साहेब, माणूस सापडला न्हाई. काम गेलं. कळमनुरी रोडच्या भिंती दुसऱ्या पेंटरनं लिहिल्या, आणि सगळी चित्रं चुन्याखाली गेली. त्या पावसाळ्यात आमच्या घरी डाळ पातळ झाली होती, खोटं काहून बोलू. मग बाबांना एका वर्कशॉपमध्ये ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवायचं काम मिळालं. मागच्या फळीवर मालकाचं नाव, गावाचं नाव. आई डबा घेऊन जायचीच.

वर्षभरानं मी कळमनुरीच्या बाजारात मैत्रिणीसोबत उभी होते. समोरून हळदीची पोती भरलेली ट्रॉली गेली. मागच्या फळीवर, नावाच्या खाली कोपऱ्यात, दप्तर घेतलेली पोरगी. पायात दोरी, पण तुटलेली. आणि दोरीचं टोक चोचीत धरलेला कावळा.

मैत्रिणीनं माझा दंडच धरला. "अगं बाई! कावळेवाला! अजून हाय! कोण असंल गं?"

ट्रॉली वळेपर्यंत मी बघत राहिले. कावळ्याचा पंख डावीकडं निमुळता होता. ओठ असे घट्ट दाबले होते की दुखायला लागले.

"काय माहीत," मी म्हणाले.